टकाचोराची काळजी

माणसांनी कुलूप शोधून काढलं, त्याच्या फार आधीची ही गोष्ट. एका मोठ्या चिंचेवर झुपकी आणि तुरतुरी या दोघी खारी बहिणी राहत होत्या. पावसाळ्यासाठी दोघींनी वाळकी बोरं लपवून ठेवली होती. कुठे, ते एकमेकींनाही सांगितलं नव्हतं.

त्याच झाडावर टकाचोर नावाचा लांब शेपटीचा पक्षी बसे. शोधून शोधून तो दमला, पण त्याला एकही बोर सापडेना. मग एका सकाळी तो धापा टाकत झुपकीकडे आला. "अगं झुपके, तुझ्या बोरांना मुंग्या लागल्यात! पळ, आत्ताच्या आत्ता!"

झुपकी धावत जाऊन बोरं लपवलेल्या आपल्या ढोलीत डोकावली; टकाचोर तिच्या मागोमाग उडत आला होता. मुंगी एकही नव्हती. ती निवांत चिंचा खायला गेली. संध्याकाळी पाहते तर ढोली रिकामी!

दुसऱ्या दिवशी टकाचोर तुरतुरीकडे आला. "तुझ्या बोरांना बुरशी चढलीय गं! मला तर बघवेना. पळ लवकर!"

तुरतुरीनं उडी मारायला शेपटी उचललीसुद्धा. पण ती तशीच थांबली.

"दादा, कुठे पाहिलीस रे माझी बोरं?"

टकाचोरानं चोच उघडली, मिटली, पुन्हा उघडली. "ती... आपली... तिकडे..."

वरच्या फांदीवर झुपकी खो-खो हसत सुटली. "तिकडे म्हणजे कुठे, दादा? दाखव ना, आत्ताच्या आत्ता!"

तो पावसाळा दोघींनी तुरतुरीच्या बोरांवर मजेत काढला. ती बोरं कुठे होती, ते मात्र मलाही ठाऊक नाही.