काचपेटीतल्या तीन पाली

"तिन्ही एकाच पेटीत?"

"एकाच, बाबा. तीन जातींच्या. आज चाळीस दिवस झाले."

निवृत्त प्राध्यापक मोरेश्वर उकिडवे अजून धापा टाकत होते. मांडीवर काचपेटी सांभाळत ते रिक्षाने गावाबाहेरच्या तकियावर, चांदशाहबाबांच्या ठिकाणी आले होते. दर गुरुवारी ते या म्हाताऱ्या फकिराकडे शंका घेऊन येत. आज पुरावा घेऊन आले होते. घाईत सदऱ्याची बटणं वरखाली लागली होती.

"ही ठिपक्यांची, दगडाखाली राहणारी. ही हिरवी, झाडावरची. आणि तिसरी आपली, घरातल्या भिंतीवरची. पुस्तकं म्हणतात, जमायचं नाही. जमलं, बाबा."

"भांडत नाहीत?"

"आवाजसुद्धा नाही."

चांदशाहबाबांनी काचेला कान लावला. बराच वेळ...

"काय ऐकू येतं?"

"काही नाही."

"तेच तर म्हणतोय." उकिडवे पुढे सरकले. "एवढं आमच्या धाकट्याला, श्रीपादला सांगा. बायकोला घेऊन वेगळं बिऱ्हाड करायचं म्हणतो. उद्या सामान हलवणार आहे. तुमचा शब्द तो मोडणार नाही. पालींना जमतं, मग सख्ख्या भावांना काय धाड भरली आहे?"

बाबा पेटीत वाकून बघत होते.

"तिसरी दिसत नाही, मास्तर."

"त्या झाडाच्या सालीमागे असते. लाजाळू आहे."

"भिंतीवर होती तेव्हाही लाजाळू होती?"

"छे. दिव्यापाशीच मुक्काम. बोलताबोलता चुकचुकली की आमची ही जमिनीवर बोट आपटून म्हणायची, खरं आहे. मी हसायचो."

"आता चुकचुकते?"

"चाळीस दिवसांत..."

बाबांनी झाकणाची कडी काढली, साल उचलली. पाल कोपऱ्यात चिकटून बसली होती. शेपटी अर्धीच.

"शेपटी परत येते, बाबा. शास्त्र आहे तसं."

"कुणी तोडली?"

"भांडण झालेलं मी पाहिलं नाही."

बोलून झाल्यावर उकिडव्यांना आपलंच वाक्य नीट ऐकू आलं.

"घरी धाकटी सून काय म्हणते?" बाबांनी विचारलं.

"काहीच नाही. आधी पोळ्या लाटताना गायची. आता दिवसदिवस..."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

बाबांनी पेटीत हात घातला आणि तसाच ठेवला. पाल मनगटावर चढली, थबकली, मग दंडावरून खांद्यावर आणि खांद्यावरून भिंतीवर. बघताबघता ओसरीच्या कौलांत दिसेनाशी झाली.

बाबांनी झाकण लावलं.

उकिडवे वर बघत राहिले. मान दुखायला लागली तरी.

"बाबा, श्रीपादला मग... जाऊ द्यायचं?"

बाबांनी कौलांकडे मान वर केली.

कौलांतून आवाज आला. चुक्, चुक्, चुक्.

उकिडव्यांचं बोट जमिनीवर आपटलं. एकदा, दोनदा. आपण काय केलं हे लक्षात येऊन त्यांनी हात मागे घेतला. डोळे भरून आले होते आणि का कोण जाणे, हसूही येत होतं.

"गेली, बाबा."

"आत्ता ऐकलीस ना, मास्तर? मग गेली कुठं?"