फिरेना पंखा, मिळेना ऊब

उंच उंच डोंगरावर एक गाव. तिथं थंडी अशी, की नाकातला शेंबूडसुद्धा गोठावा!

त्या गावात एक लाल जीप होती. जीप चालवायची कावेरीमावशी. आणि जीपच्या पुढच्या खणात राहायची टिचकी. टिचकी म्हणजे एवढीश्शी उंदरी!

रोज सकाळी मावशी इंजिन सुरू करायची. घुर्र घुर्र! मग हीटरचा पंखा फिरायचा. भुर्र भुर्र! गरम वारा यायचा. टिचकी मजेत पोट शेकायची.

एकदा काय झालं, टिचकी दवात भिजली. शेपटी ओली. मिशा ओल्या. हुडहुड हुडहुड! धावत जीपमध्ये आली. इंजिन घुर्र घुर्र. पण भुर्र भुर्र कुठाय? गरम वारा गेला की हो!

टिचकी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

"पंखेदादा, पंखेदादा! ऊब मिळेना. फिर ना!"

"फ्यूज वीज सोडेना. मी नाही फिरणार. जा!"

तुरुतुरु तुरुतुरु. फ्यूज बसला होता त्याच्या डबीत. तोंड काळंकुट्ट!

"फ्यूजदादा, फ्यूजदादा! पंखा फिरेना. ऊब मिळेना. वीज सोड ना!"

"मी जळलोय! मावशी नवा फ्यूज लावेना. मी नाही वीज सोडणार. जा!"

तुरुतुरु तुरुतुरु. इंजिन सुरू करून मावशी पुन्हा मागच्या सीटवर. घोंगडीतून फक्त नाक बाहेर.

"मावशी, मावशी! फ्यूज वीज सोडेना. पंखा फिरेना. ऊब मिळेना. नवा फ्यूज लाव ना!"

"धोंडूमामा चहा देईना. चहाशिवाय माझे डोळेच उघडत नाहीत बाई! मी नाही फ्यूज लावणार. जा!"

तुरुतुरु तुरुतुरु. टपरीवर धोंडूमामा.

"मामा, मामा! मावशी फ्यूज लावेना. फ्यूज वीज सोडेना. पंखा फिरेना. ऊब मिळेना. चहा द्या ना!"

"स्टोव्ह पेटेना. मी नाही चहा देणार. जा!"

तुरुतुरु तुरुतुरु.

"स्टोव्हदादा, स्टोव्हदादा! मामा चहा देईना. मावशी फ्यूज लावेना. फ्यूज वीज सोडेना. पंखा फिरेना. ऊब मिळेना. पेट ना!"

"माझ्या भोकात काजळी! कुणी पिन टोचेना. मी नाही पेटणार. जा!"

पिन? पिन कुठाय? मामांनी डबे उलटे केले. खिसे उलटे केले. टोपीसुद्धा झटकली. पिन नाही!

टिचकीनं कान खाजवला. पिन तर तिच्याच अंथरुणाखाली होती! चकचकीत दिसली, म्हणून काल तिनंच पळवली होती. टिचकीला लाज वाटली. थोडीशी. अगदी थोडीशीच.

तुरुतुरु गेली. पिन ओढत आणली. खरर्र खरर्र!

"सापडली हो मामा!"

मामांनी पिन टोचली. टुच्च!

स्टोव्ह पेटला. फर्र फर्र!

मामांनी चहा दिला. मावशी प्यायली. सुर्र सुर्र!

मावशीनं नवा फ्यूज लावला. खट्!

फ्यूजनं वीज सोडली. पंखा फिरला. भुर्र भुर्र!

आणि टिचकीला ऊब मिळाली! शेपटी सुकली. मिशा सुकल्या. पोट मस्त शेकलं.

तेवढ्यात टपरीवरून मामा ओरडले, "अरेच्चा! आता माझा चमचा कुठं गेला?"

आणि टिचकी? ती चमच्यात पाय पोटाशी घेऊन गाढ झोपली होती.