सुकटीचं पातेलं

“खायची की नाही, एवढंच सांगा पाळकबाबा! हो की नाही?”

शांतवन दारातच उभा राहून ओरडला. सलाम नाही, दुआ नाही.

अमोलिक पाळक जेवत होते. म्हातारा माणूस, चर्चच्या सेवेतून निवृत्त होऊन मळ्यातल्या एका खोलीत एकटेच राहायचे. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, कालवणात बुडवला, तोंडात घातला आणि सावकाश चावत राहिले.

…

शांतवनची नजर त्या कालवणावर गेली आणि त्याच्या मस्तकात तिडीक उठली. सुकट होती, वाळवलेल्या बारीक कोळंबीची. आणि चुलीपाशी एक पातेलं होतं, एक कान तुटलेलं. ते पातेलं तो रांगत होता तेव्हापासून ओळखत होता.

“आई आली होती इथं?”

“मघाशी आली होती. पातेलं ठेवलं न् गेली. बस.”

“मी बसायला नाही आलो.”

“मग उभा राहा.”

आता झालं होतं काय, ते सांगायला हवं. त्या दिवशी गावातल्या चर्चमध्ये उपकारस्तुतीचा सण होता. हंगाम घरात आला की देवाचे आभार मानायचे आणि मग सगळ्यांनी मिळून जेवायचं. या गावची रीत मात्र निराळी. गुऱ्हाळातली एक जुनी काहील अंगणात चुलाण्यावर चढवायची आणि प्रत्येक घरानं आपापलं कालवण आणून तिच्यात ओतायचं. मटण, वांगं, डाळ, सुकट, ज्याच्या घरी जे शिजलं ते. चवीचं नाव काढू नका! पण कुणाच्या घरचं काय, हे त्या काहिलीत कुणाला शोधून सापडायचं नाही. ज्यांनी ही रीत घातली त्यांना तेच हवं होतं. पहिल्यांदा बाप्तिस्मा घेतलेल्यांत निम्मे महारवाड्यातले होते, निम्मे मांगवाड्यातले, आणि तोवर ते एकमेकांच्या घरचं पाणीसुद्धा पीत नव्हते.

शांतवन बाहेरगावी बायबलचं शिक्षण घेऊन नुकताच परतला होता. पोरगं शिकून आलं, म्हणून मंडळींनी त्याला डोक्यावर घेतलं. आणि डोक्यावर घेतल्यावर माणूस जे करतो तेच त्यानं केलं. सणाच्या दिवशी काहिलीपाशी उभा राहिला आणि एकेका भांड्यावरचं झाकण उचलून बघायला लागला. हे चालेल. हे चालणार नाही. डुकराचं मांस परत. ज्याला पर नाहीत, खवले नाहीत, असं पाण्यातलं काहीही परत.

ओळीत शेवटी त्याची आई होती. मार्थाबाई.

झाकण उचलायचीही गरज पडली नाही. सुकटीचा वास काय लपतो? शांतवनला वाटलं, आज आईला सोडलं तर उद्या आपल्या शब्दाला कोण विचारील? त्यानं काहिलीवर हात आडवा धरला.

“आई, हे ओंगळ आहे. परत ने.”

सगळ्यांच्या देखत. मागं कुणीतरी बाई फिस्सकन हसली. मार्थाबाईनं पदर सावरला, पातेलं उचललं आणि निघाली. घरी येऊन त्यानं पाहिलं तर तिनं गाठोडं बांधून ठेवलेलं. दुपारच्या एसटीनं भावाकडं जाते म्हणाली. कायमची. म्हणाली, “ज्या काहिलीत माझं पातेलं चालत नाही, त्या गावात माझं काय काम?”

नवरा गेल्यावर मोलमजुरी करून या पोराला वाढवलेली बाई ती. शांतवनला आई हवी होती. पण आपणच बरोबर होतो, हेही हवं होतं. म्हणून तर तो भर उन्हात मळ्यापर्यंत धावत आला होता. पाळकबाबांनी त्याला बायबलातली पहिली ओवी वाचायला शिकवली होती. बाबांनी एक शब्द टाकला, तर आई ऐकेल.

“तुम्ही तिला समजावा,” तो म्हणाला. “मी माझ्या मनचं बोललो नाही. नियमशास्त्र देवानं दिलंय. प्रभूंनी त्यातली एक मात्रासुद्धा पुसली नाही.”

पाळकांनी हाडकासारखी वाळलेली मिरची दातानं तोडली.

“पुसली नाही,” ते म्हणाले.

“मग? म्हणजे मी बरोबर!”

…

“आणि पेत्राला आकाशातून उतरलेली चादर दिसली, ते मला सांगू नका,” शांतवन जोरात म्हणाला. “तिच्यात सगळी जनावरं होती, सगळी मारून खा असा आवाज आला, ठाऊक आहे मला. सगळे तेच पुढं करतात. पण तो दृष्टान्त खाण्याबद्दल नव्हताच. माणसांबद्दल होता. परक्या माणसाला अशुद्ध म्हणू नको, एवढाच त्याचा अर्थ. जनावरांशी त्याचा संबंध नाही.”

पाळकांचा हात ताटातच थांबला.

“माणसांबद्दल होता?”

“होय.”

“नक्की?”

“नक्की! आम्हाला सगळं मूळ भाषेतून शिकवलंय.”

“अन् मार्थाबाई कोण रे, गाढवा? माणूस का जनावर?”

हे पाळक इतक्या जोरात ओरडले, की बाहेर दाणे टिपणाऱ्या कोंबड्या फडफडत पळाल्या. शांतवननं त्यांना कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. प्रवचनातसुद्धा नाही.

त्याचं तोंड लाल झालं.

“मी आईला काही म्हणालो नाही. मी पातेल्याला म्हणालो.”

“हां…” पाळक म्हणाले. एकदम हळू. “पातेल्याला.”

“होय, पातेल्याला.”

“माणसाला नाही. फक्त भांड्याला.”

“होय!”

…

पाळकांनी ताटातला शेवटचा घास खाल्ला. ताट पुसून घेतलं. हात धुतले, तांब्यानं घटाघटा पाणी प्यायले, ढेकर दिली. शांतवनच्या घशाला कोरड पडली होती. एवढ्या उन्हातून धावत यायचं आणि वर एवढं भांडायचं म्हणजे काय खेळ आहे? तो किती वेळ माठाकडं बघत होता.

“पाणी द्या,” तो शेवटी म्हणाला.

पाळकांनी माठातून तांबा बुचकळून भरला. शांतवननं हात पुढं केला. पाळकांनी तांबा मागं घेतला.

“अंहं. ओंजळ कर.”

“का?”

“सुकट खाल्ल्या तोंडानं मी हा तांबा उष्टावलाय. तुला विटाळ व्हायचा. मी वरून घालतो.”

“काय थट्टा लावलीय, बाबा?”

“थट्टा नाही. मी तुला काही म्हणत नाही, लेकरा. मी तांब्याला म्हणतोय… खाली बस. उकिडवा.”

शांतवन बसला. रागानं बसला, पण तहान रागापेक्षा मोठी होती. त्यानं दोन्ही हात जुळवले. पाळकांनी तांबा उंच धरला आणि धार सोडली.

पाणी हातात ठरेना. बोटांच्या फटींतून गळालं, बाह्यांत शिरलं, नाकात गेलं. शांतवनला जोराचा ठसका लागला.

“अंगठे आत घे,” पाळक वरून म्हणाले. “बोटं आवळ. कोपरं वर… हां. मान खाली. आणखी खाली घाल. तांब्याकडं बघायचं नाही.”

शांतवननं मान खाली घातली.

आणि मान खाली गेल्याबरोबर त्याला आजा आठवला. आजा सांगायचा, गावच्या आडावर आम्हाला पाणी असंच मिळायचं. वरून. वाढणाऱ्याची लहर असली तर. भांड्याला हात लागला तर भांडं विस्तवात टाकून शुद्ध करायचे आणि आम्हाला काठीनं शुद्ध करायचे. आजा हे हसत सांगायचा. लहानपणी शांतवनही हसायचा.

तो ताडकन उठला. सदरा भिजून अंगाला चिकटला होता.

“हा अपमान आहे!” त्याचा आवाज फाटला. “माझ्या आजाला असं पाजायचे लोक! तुम्ही… तुम्ही मला असं पाजता? तुम्हाला ठाऊक नाही हे?”

“ठाऊक आहे,” पाळक म्हणाले. “मी त्याच्या शेजारीच बसायचो.”

…

शांतवनला बोलायचं होतं. शास्त्रातल्या किती ओळी त्याच्या जिभेवर होत्या! पण आता आपल्याला कुणाचा राग येतोय, हेच त्याला धड कळत नव्हतं. हनुवटीवरून पाणी ठिबकत होतं, ते पुसायचंही त्याला सुचलं नाही.

पाळकांनी ते एका कानाचं पातेलं घेतलं. राखेनं घासलं, खळाखळा विसळलं आणि पालथं घालून निथळू दिलं. मग त्यांनी पातेलं शांतवनच्या हातात दिलं.

“जा. फाट्यावर गाडी यायची वेळ झाली.”

शांतवननं पातेलं पोटाशी धरलं. पण पाय उचलेना.

“बाबा… मी काय म्हणू तिला?”

पाळक दाराकडं पाठ करून चुलीतली लाकडं मागं ओढत होते.

“म्हणावं, आये, मान खाली घालून ओंजळ कशी करायची ते तू मला कधी शिकवलं नाहीस… आज मी ते शिकून आलो.”