रेशमाचा नफा

फार जुन्या काळी समुद्रकाठच्या एका नगरात गंगाशेट नावाचा रेशमाचा व्यापारी राहत होता. डोंगरापलीकडच्या विणकरांच्या गावातून त्याचं रेशीम यायचं आणि गलबतांतून परदेशी जायचं. तीन वर्षांत त्याचा नफा चौपट झाला. आणखी गलबतं घ्यावीत म्हणून त्याने जाणत्या केसोपंतांना धंदा तपासायला बोलावलं.

केसोपंतांनी वह्या चाळल्या. "शेटजी, तीन वर्षांत विणकरांच्या मजुरीचा खर्चच नाही."

"दुष्काळात पैसे अडकले होते, म्हणून थांबा म्हटलं. मग त्यांनी मागितलेच नाहीत. माल मात्र वेळेवर येतो. गाडीवान वेशीवरून गठ्ठे उचलून आणतात."

केसोपंत स्वतः त्या गावी गेले. भर दुपार होती. एकाही घरातून धूर निघत नव्हता. चुली गार, रांजण कोरडे. पण घराघरांतून मागांची खटखट ऐकू येत होती. त्यांनी एका दारातून आत डोकावलं. धोटा इकडून तिकडे धावत होता. मागावर कोणीच नव्हतं.

"शेटजींचा माणूस का?" रिकाम्या घरातून म्हाताऱ्या बाईचा आवाज आला. "मजुरी आणलीत? धान्य संपलं, आम्हीही संपलो. पण हिशेब मिटल्याशिवाय हात थांबत नाहीत, बाबा."

केसोपंत धावतच नगरात परतले. "शेटजी, ते गाव उपासमारीने मेलंय. तुमचा नफा म्हणजे त्यांची मजुरी आहे. देऊन टाका."

"मेलेल्यांना कसली मजुरी?" गंगाशेट हसला आणि त्याने दुप्पट माल रवाना केला.

दोन महिन्यांत गलबतं भरलेलीच परत आली. या खेपेचं रेशीम अंगावर घेतलं की कडक उन्हातही हुडहुडी भरायची. गंगाशेटने एक ठाण उचललं आणि त्याचे हात बर्फासारखे गार पडले. ते पुन्हा गरम झालेच नाहीत.

तेव्हा मात्र तो घाबरला. घरदार, गलबतं विकून त्याने पैसा उभा केला आणि विणकरांच्या गावी गेला. एकेका उंबऱ्यावर तो मजुरी ठेवत गेला. मागून एकेक माग शांत होत गेला.

शेवटच्या घराशी त्याची थैली रिकामी झाली. आतला माग चालूच होता.

"शेटजी, माझी मजुरी?" त्याच म्हातारीचा आवाज आला.

गंगाशेटकडे द्यायला काही उरलं नव्हतं. तो आत गेला आणि मागावर बसला. त्यानंतर त्याला कोणी पाहिलं नाही. त्या घरातली खटखट मात्र वाटसरूंना अजून ऐकू येते.

कष्टकऱ्याची मजुरी बुडवून जे हाती उरतं, तो नफा नसून न फिटलेलं देणं असतं.