शंभरपैकी शहाण्णव

"मग सही का नाही, मॅडम?"

लेफ्टनंट हेमांगी कडूने तयारीचा तक्ता टेबलावर जवळजवळ आपटलाच. सीमेवरच्या फिरत्या इस्पितळात जायला लष्कराची कोणती नर्स तयार आहे, ते या तक्त्यावर ठरायचं. हेमांगीला शंभरपैकी शहाण्णव होते. उरलेले चार कुणी खाल्ले, याचाही तिला रागच होता.

मेजर वाघचौरे मॅडमनी डावा हात पुढे केला. सकाळच्या सरावात त्या जखमी अधिकारी झाल्या होत्या. हेमांगीने बांधलेलं बँडेज अजून हातावर होतं, अगदी देखणं.

"हे बांधत होतीस तेव्हा शेजारच्या स्ट्रेचरवर कोण होतं?"

"शिपाई ढगे. पण तो गप्प पडला होता. तुम्ही ओरडत होतात, आधी मला बघ म्हणून. तुमचा हुकूम होता!"

"होता."

मॅडमनी खिडकीतून ढगेला हाक मारली. तो आला आणि निमूट जमिनीवर आडवा झाला. गळ्यातल्या चिठ्ठीवर लिहिलं होतं : मांडीची रक्तवाहिनी तुटली.

"सकाळी मी मेलो, मॅडम," तो हसू दाबत हेमांगीला म्हणाला.

हेमांगीचे कान तापले. ही चिठ्ठी तिने वाचलीच नव्हती.

मॅडम भिंतीला टेकून खाली बसल्या आणि एकदम गरजल्या, "लेफ्टनंट! इकडे ये! आधी माझा हात!"

हेमांगी ढगेकडे बघत राहिली.

"हुकूम आहे. मला सोडून गेलीस तर यादीतून नाव कापते."

या यादीसाठी ती दोन वर्षं झटली होती. घरी आईला सांगूनही झालं होतं...

"कापा!"

तिने मॅडमकडे पाठ फिरवली, गुडघे टेकले आणि ढगेच्या मांडीवर पट्टा असा आवळला की तो खरोखरच कळवळला.

"दुखतंय, मॅडम!"

"दुखू दे. जिवंत आहेस."

"लेफ्टनंट कडू!" मागून पुन्हा आवाज आला.

"थांबा म्हणतेय ना!"

मेजरवर असं कुणी ओरडलेलं ढगेने जन्मात ऐकलं नव्हतं. तो श्वास रोखून पडून राहिला...

मॅडम उठल्या. तक्त्यावर 'आज्ञापालन' या रकान्यात दहापैकी दहा होते. ते खोडून त्यांनी शून्य मांडलं आणि खाली सही केली.

"पहाटे पाचला गाडी निघते. वेळेवर यायचं. हुकूम आहे."