मंत्रपुष्पांजलीची परीक्षा

दत्तमंदिराच्या बालवाडीवर ट्रस्टी अण्णासाहेब दहातोंडे यांचा दांडगा संशय. बाई पोरांना नुसत्या झोपवतात, देवाधर्माचं काही शिकवत नाहीत, म्हणून ते रोज खांबाआडून कान टवकारत. शेवटी गुरुवारच्या आरतीला त्यांनी गावासमोर फर्मान सोडलं.

"पोरांनी आज मंत्रपुष्पांजली म्हणायची. नाहीतर उद्यापासून बालवाडीला कुलूप!"

चार वर्षांची पोरं आणि संस्कृत मंत्र!  पण बालवाडीच्या बाई कुमुदताई दर गुरुवारी आरतीला अण्णासाहेबांच्या शेजारीच उभ्या राहत, आणि एक जुना संशय त्यांनाही होता.

"म्हणतील की, अण्णासाहेब! पण लेकरं ऐकून शिकतात. आधी तुम्ही म्हणा, मागून ती म्हणतील. आणि आज झांजा बंद हं, नीट ऐकू येऊ दे."

अण्णासाहेबांनी डोळे मिटले. "ॐ यज्ञेन यज्ञमयजन्त" इथवर गाडी सुसाट गेली. पुढं नुसतं "हंऽऽ म्हंऽऽ हंऽऽ", मग एक खाकरा, आणि एकदम छाती फुगवून "देवाःऽऽ!"

पोरांनी खाकऱ्यासकट तसंच्या तसं म्हटलं. देऊळ हसून दणाणलं.

"हे असलं कुणी शिकवलं यांना?"

"आत्ता तुम्हीच की!" कुमुदताईंनी हात जोडले. "कुठलं अक्षर चुकलं तेवढं सांगा, कुलूप मीच लावते."

अण्णासाहेब ते अक्षर आठवत अजून खाकरतायत म्हणे.