दोन बोटं पाणी

त्या मुलखात ऊन एवढं होतं की सावलीलाही चटके बसायचे. वाटेवर एकच पाणपोई. तिथं दोघं कामाला. एक ढेरपोट्या म्हातारा रांजण, त्याला सगळे तात्या म्हणायचे. दुसरा किसन माठ, तात्याच्याच हाताखाली तयार झालेला. येईल त्याला गार पाणी पाजायचं, बस्स. गाढव तर रोजचंच गिऱ्हाईक. पोटभर प्यायचं आणि जाताना तात्याच्या ओल्या पोटाला गाल घासायचं. तात्या लाजायचा.

एक दिवस वरनं पट्टी आली. लाकडी, सरळसोट, अंगभर आकडे. पाणपोईची नवी घडी बसवायला आलेय, म्हणाली. मोजमापासाठी तिनं दिवसभर पाणी पाजणंच बंद ठेवलं. सकाळी दोघांत बुडाली, संध्याकाळी परत बुडाली.

"कोणी प्यायलं नाही, तरी दोन बोटं पाणी कमी. गेलं कुठं?"

"अंगातनं झिरपतं, बाईसाहेब," तात्या म्हणाला. "म्हणून तर आतलं गार राहतं."

पट्टीनं स्वतःला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "गारव्याचा आकडा माझ्यावर नाही."

यापुढं एकच भांडं राहणार, कमी झिरपेल ते. दुसरं फोडायचं.

किसनचं बूड लटपटलं. त्यानं पट्टीला बाजूला घेतलं आणि हळूच सांगितलं, तात्याला खाली चीर गेलीय. चीरबीर काही नव्हती. वर स्वतःहून म्हणाला, मला बाहेरून ऑइलपेंट मारा, थेंब जाणार नाही.

सकाळी वरवंटा आला. किसन लालभडक होऊन वाळत उभा होता. तात्या त्याला एवढंच म्हणाला, "किसन्या, गुदमरशील रे."

खापऱ्या वाया कशाला घालवायच्या? किसन जरा डुगडुगत होता, त्याच्याच बुडाखाली सारल्या. झकास बसला.

दुपारी गाढव आलं. एक घोट घेतला नि थुंकलं.

"किसनराव, यात डाळ टाका. शिजेल."

पुढं शेळ्या आल्या, तोंड पोळून गेल्या. मग कोणी फिरकेना. किसन आतनं उकळत होता. घाम फुटायला अंगावर वाटच नव्हती.

आठव्या दिवशी पट्टी बुडाली. पाणी काठोकाठ! असली पाणपोई तिनं जन्मात पाहिली नव्हती. किसनच्या गळ्यात झेंडूचा हार पडला आणि पट्टी रंगाचा डबा घेऊन पुढच्या पाणपोईकडं निघाली.

तेवढ्यात गाढव झोकांड्या खात आलं. हाराकडं त्यानं बघितलंही नाही. गुडघे टेकले, किसनच्या बुडाखाली मान घातली आणि तात्याच्या कोरड्या खापऱ्या चाटायला लागलं.